चहाच्या खोलीवरचा पाइप

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, धंदा इस्पितळांचे नकाशे काढणे, हे मृत्युपत्र छातीविकार विभागातील खाट नऊवर बसून लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, कोणाची जबरदस्ती नाही. दम मात्र ओळीगणिक लागतो. हा विभाग मीच आखला. दोन खाटांमधले अंतर कागदावर ऐसपैस वाटले होते.

१. माझे राहते घर विकावे. त्यातून थुंकीचे नमुने घेतात त्या खोलीतली हवा बाहेर टाकणारा पाइप छतावर न्यावा. उरेल ते माझ्या मेहुणीच्या मुलीचे. माझा मुलगा कुरकुर करील. त्याला त्याचा वाटा आधीच पोचला आहे.

२. कारण लिहितो. पाइप मी आधी छतावरच दाखवला होता. बांधकाम समितीचे अध्यक्ष म्हणाले, "पुढून फार वाईट दिसतंय हो, मागे घ्या." मी मागे घेतला. त्याचे तोंड परिचारिकांच्या चहाच्या खोलीच्या खिडकीवर आले. मेहुणी तेव्हा इथली मुख्य परिचारिका. तिने नकाशावर पेन्सिलीने लिहिले, 'भाऊजी, ही हवा आमच्या चहात येईल.' मी हसलो, ओळ खोडली आणि नकाशा मंजुरीला धाडला.

चार वर्षांनी तिला क्षय झाला, औषधांना न जुमानणारा. ती गेली. चौकशीत मला विचारले, "कोणी हरकत घेतली होती?" मी म्हणालो, "नाही." अहवालात लिहिले गेले की तिनेच मास्क वापरण्यात हयगय केली. तिची मुलगी आजही तेच खरे मानते. मला लाज वाटते.

३. अध्यक्षांना काही नाही. सगळे त्यांच्या माथी मारून मी इतकी वर्षे झोपलो, ती सोय आता सोडतो.

४. मूळ नकाशा माझ्या उशाखाली आहे. उजेडात तिरपा धरावा. शिसे खोडले तरी पेन्सिलीचा दाब कागदावर राहतो. तो मेहुणीच्या मुलीचा, माझ्या भाचीचा. प्रत चौकशी कार्यालयाला द्यावी.

५. पाइप हलवा म्हणून मी दोन अर्ज केले. उत्तर आले, 'काम मंजूर नकाशाप्रमाणे आहे.' त्या नकाशाखाली सही माझीच.

भाची याच विभागात परिचारिका आहे. मघाशी म्हणाली, "काका, किती लिहिताय! दमाल. मी चहा घेऊन येते पटकन." समोर चहाच्या त्याच खोलीच्या खिडकीत ती आत्ता बसली आहे.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मृत्युपत्रही मेल्यावरच उघडतात, तोवर ती रोज तिथे बसेल. म्हणून कलम चार आजच अमलात यावे. डॉक्टरांना सांगितले आहे: सह्या झाल्या की तिला इकडे बोलवा, कप अर्धा असला तरी.

सही: नकाशे काढणारा
साक्षीदार: १. विभागाचे डॉक्टर २. खाट दहावरचे शिंपी
स्थळ: खाट नऊ, खिडकीजवळ
दिनांक: आज, दुपारच्या चहाची वेळ