डावीकडे बोटभर झुकलेली गाडी

सगळ्यात आधी उगवले ते जावईबापू, चहाच्याही आधी, खिशात टेप घेऊन. त्यांच्यामागून गॅरेजवाले मिस्त्री. धाकटे, तुला अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे ते आधी विचारायला हवं होतं, पण बातमी पोटात राहीना. (माझाही जरा दुखतो. का, ते पुढे कळेल.)

आमची गाडी हल्ली डावीकडे ओढते. त्याच सुमारास माझं शिलाई मशीन घरातून नाहीसं झालं. तेच गं, ज्यावर तुझ्या लग्नातले परकर शिवले. सूनबाईने भंगारवाल्याला बोलावलं, तो दारात उभा आणि मशीन जागेवर नाही! तिने पलंगाखालीसुद्धा पाहिलं. मी म्हटलं, मला म्हातारीला काय उचलतंय? आणि ते खरंच आहे. (उचललं सिलिंडरवाल्याने. भला माणूस, नुसत्या चहावर.)

मिस्त्रींनी गाडी सपाट जागेवर घेतली, चारही चाकांत हवा सारखी केली आणि चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत टेप लावला. मागे डावीकडे गाडी बोटभर खाली! जावईबापूंनी परत मोजलं, कारण दुसऱ्याचं मोजमाप त्यांना पटत नाही. त्यांचंही बोटभरच आलं, तेव्हा ते टेपवर चिडले. मिस्त्री म्हणाले, "आधी उंची सारखी करू, मग चाकं सरळ. गाडीत ओझं नाही ना?" मुलाने छत्री काढली, पायपुसणी काढली, चष्म्याचं घर काढलं. डिकी मात्र उघडेना. "ती जाम आहे कधीची," म्हणाला. (खालून गुडघ्याने दाबली की उघडते, हे त्याला ठाऊक नाही.)

एवढ्यात सूनबाई म्हणाली, "आई नेहमी मागे डावीकडेच बसतात." झालं! सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझं चिमणीचं वजन! एरवी मी ऐकून घेतलं असतं का? पण म्हटलं, असेल बाई, माझंच ओझं असेल.

शेवटी ठरलं की स्प्रिंग बसली, नवी घालायची. बाकी सगळे खुशाल. उत्तर लिहू नकोस, तूच ये.

ता. क. तुझ्या मुलाला टेम्पोसकट आण. मशीन, त्याचा लोखंडी पाय आणि कोळशाच्या दोन्ही इस्त्र्या डिकीत डावीकडे आहेत. तुझ्याकडे राहू देत, मी येत जाईन शिवायला.

आणखी एक. ओझं उतरलं की गाडी आपोआप वर येईल, त्याचं श्रेय खुशाल जावईबापूंना घेऊ दे. पण उशीर करू नकोस. नवी स्प्रिंग आणि डिकी उघडायला पहार घेऊन मंडळी गुरुवारी सकाळी परत येतो म्हणून गेलीत.