आमच्या शाळेचं छप्पर आणि मी

पाइन फोर्क, मिनेसोटा
१८ ऑक्टोबर

प्रिय मार्लिसताई,

तुला आणि भावजींना नमस्कार. शस्त्रक्रियेनंतर तुझा नवा खुबा कसा आहे? ॲरिझोनाच्या उन्हात तो एव्हाना अंगवळणी पडला असेल असं धरून चालतो. माझी तब्येत उत्तम. डॉक्टरांनी लोणी कमी करायला सांगितलं, म्हणून मी डॉक्टरांकडे जाणं कमी केलं आहे.

शेजारच्या आयरीनने तुला कळवलंच असणार की वसंतात माझ्या अंगणात शाळा सुधारणेच्या विरोधातली पाटी होती आणि पंधरा दिवसांत तिथे सुधारणेच्या बाजूने पाटी आली. (आयरीन तुला माझ्या कचऱ्याच्या डब्याचीही खबर देते, हे मला ठाऊक आहे.) माझं डोकं फिरलं असं तिचं मत आहे. तर काय घडलं ते माझ्याकडूनच ऐक.

मार्चमध्ये शाळा मंडळाने गावाची सभा बोलावली. त्यांची योजना लांबलचक होती : नवं छप्पर, सुरक्षित दारं, बंद पडलेलं वर्कशॉप पुन्हा सुरू करून मुलांना वेल्डिंग शिकवायचं, असं बरंच काही. सभा शाळेच्या ग्रंथालयात होती. मी विरोधात बोलायला उभा राहिलो. भाषण चार दिवस खपून तयार केलं होतं. इमारत आपल्या वेळी ठणठणीत होती आणि आजही आहे, या वाक्याला मी आलो आणि छताच्या तक्तपोशीचा एक ओला चौकोन सुटून माझ्या कागदांवर पडला. बर्फ वितळायचे दिवस, वरून पाणी झिरपत होतं. लोक हसले असते तर मी निभावून नेलं असतं. पण कोणी हसलं नाही. शाळांच्या अधीक्षक बाई, कॉर्डेलिया ब्रँडवोल्ड, शांतपणे उठल्या, कोपऱ्यातली बादली आणून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "चालू द्या, वेंडेल, आम्ही ऐकतोय." मी ओले कागद गोळा केले आणि खाली बसलो. सभा संपल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही जन्मभर धान्याच्या कोठारांची छपरं सांधलीत. आमचंही एकदा वर चढून बघा. ठणठणीत असलं तर मी स्वतः तुमच्या बाजूने बोलेन." असं म्हटल्यावर माणूस नाही कसं म्हणणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिडी घेऊन गेलो. ऑफिसात वर्दी द्यायची हे माझ्या ध्यानातच आलं नाही. पूर्वेचं दार उघडं होतं, तिथून शिरलो. ताई, खांद्यावर शिडी असलेल्या माणसाला जगात कोणी काही विचारत नाही. एका मास्तरांनी माझ्यासाठी दार धरलं. पहिलीच्या बाई म्हणाल्या, "बरं झालं आलात, आमचं घड्याळ तेवढं सरळ करून जा," आणि मी ते केलंही. स्वयंपाकघरातून मला गरम पाव मिळाला. तीनशे मुलांच्या शाळेतून मी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलो आणि माझं नाव कोणी विचारलं नाही. दुसरीच्या वर्गाचं दार उघडंच होतं. आत आपली ब्रिटा होती, माझी नात. तिने मला बघून हात हलवला. तिच्या बाकाशेजारी एक बादली होती.

छप्पर पार गेलेलं होतं. डांबराच्या ठिगळावर ठिगळ, आणि पाय ठेवीन तिथे गादीसारखं दबत होतं. पण खरं सांगू, माझं लक्ष छपरात नव्हतं. मी तिथे बसून पाव खाल्ला आणि विचार करत राहिलो की मी आजोबा होतो म्हणून ठीक. माझ्याजागी दुसरा कोणी असता तर? पुढच्या सभेत मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं, घड्याळासकट. त्या पहिलीच्या बाई रडल्या. मला वाईट वाटलं, कारण चूक त्यांची नव्हती, दारांची होती.

मग मी पाटी बदलली आणि घरोघर फिरलो. (आयरीनकडे तीन वेळा. तिसऱ्या वेळी तिने केक दिला, मत द्यायचं कबूल केलं नाही.) मे महिन्यात गावाच्या मतदानात योजना एकेचाळीस मतांच्या फरकाने मंजूर झाली. उन्हाळ्यात छप्पर झालं, दारं झाली. आता आधी बाहेरचं दार, मग एक छोटी खोली, मग आतलं दार, आणि मध्ये भिंतीतून बोलणारा डबा. या सापळ्यात सापडलेला पहिला माणूस मीच. ओळखपत्र घरी राहिलं होतं. डब्यातून ऑफिसातल्या डार्लीनचा आवाज आला, "आपलं नाव?" ही डार्लीन, ताई, जिच्या लग्नात मी मेजवानीचं टेबल मोडलं होतं. मी म्हटलं, "डार्लीन, काचेतून दिसतोय की मी." ती म्हणाली, "दिसताय. पण ओळखपत्र दिसत नाहीये." माझा पोरगा घरून ओळखपत्र घेऊन येईपर्यंत पंचवीस मिनिटं मी त्या खोलीत उभा होतो. इतक्या समाधानाने मी आयुष्यात कुठे ताटकळलो नाही. आत गेल्यावर मी तिचा हात धरून आभार मानले. तिला वाटलं मी टोमणा मारतोय.

या सगळ्यांचे उपकार मी कसे मांडू कळत नाही. म्हातारपणी माणसाचं मत बदलू देणं आणि वर त्याची टिंगल न करणं, हे फार थोड्या गावांना जमत असेल. जानेवारीत वर्कशॉप उघडणार आहे आणि ब्रँडवोल्ड बाईंनी मला विचारलं आहे की मुलांना वेल्डिंग शिकवायला मदत कराल का. मी लगेच हो म्हणालो.

भावजींना नमस्कार सांग. खुब्याला जप.

तुझा भाऊ,
वेंडेल

ता. क. त्या कामासाठी बारावीचं प्रमाणपत्र लागतं. ते माझ्याकडे नाही. हरवलेलं नाही, मुळात नव्हतंच. त्र्याहत्तर साली बाबांची पाठ धरली तेव्हा परीक्षेआधी दोन महिने मी शाळा सोडून कोठारावर कामाला लागलो. तू तेव्हा डलुथला कॉलेजात होतीस. आईने तुला काय लिहिलं देव जाणे, पण जूनमध्ये बारावी पास झाल्याबद्दल तुझ्याकडून मनगटी घड्याळ आलं. तू ते कशी काटकसर करून घेतलंस हे मला माहीत होतं, म्हणून तोंड उघडवलं नाही. मग उघडायची वेळच निघून गेली. ते घड्याळ मी एकतीस वर्षं वापरलं. त्याबद्दल तुझे आभार मानायला आज बसलो होतो, आणि छपराचं सांगत बसलो.

आणखी एक. योजनेत मोठ्यांसाठी बारावीचे संध्याकाळचे वर्गही आहेत. मी नाव घातलं आहे. गणित जमतं, निबंध जमत नाही. डिसेंबरच्या परीक्षेत 'माझं मत बदलणारा प्रसंग' असा विषय येईल असं मास्तर म्हणतात. तू चौतीस वर्षं पोरांचे निबंध तपासलेस. तेव्हा हे पत्र लाल पेनाने तपास आणि परत पाठव. मी सख्खा भाऊ आहे म्हणून गुण वाढवू नकोस. कमीही करू नकोस.