टिक-टॉक, डिंग-डाँग आणि माझी विजी

६ मे १९५६
विजी आली! माझ्या वेंकटरमणाची पोर, सहा वर्षांची, लंडनहून बोटीने. त्याच्या ओळखीच्या शिवकामीबाई इथे जवळच तिरुभुवनमला माहेरी आल्या, त्यांच्या सोबतीने पाठवली. आठ दिवस इथे, मग परत. आई इंग्रज. पोर मला बघून खांबाआड गेली. मी "वा कण्णू, वा", ये गं सोन्या, ये, म्हणून हात पसरले – आलेल्या-गेलेल्याशी तमिळच बोलायची आमची रीत, मराठी घरच्या घरात. ती आणखीच मागे सरली. जायच्या आधी एकदा 'आजी' म्हणावं. दुसरं काही नको मला.

७ मे
आज काही 'आजी' म्हणाली नाही.

८ मे
युक्ती सापडली! शेजारचा कोंबडा आरवला. मी खुणेनेच विचारलं, तुमच्याकडचा कसा? म्हणाली, "कॉक-अ-डूडल-डू." केवढं लांबण! आपला कुकूचकू करून मोकळा होतो, तमिळ कोंबडा कोक्करको म्हणतो, हा इंग्रज मात्र दिवस उगवेपर्यंत आपलं नावच सांगत बसणार. मी तशी आरवून दाखवली. फिसकन हसली! कुत्रा बाव-वाव, बदक क्वॅक. मांजर मात्र तिथेही म्यावच. मांजराला कसला देश नि कसली भाषा.

१० मे
घड्याळ टिक-टॉक, घंटा डिंग-डाँग. मला एक गंमत दिसली. आपले टणटण, खळखळ कसे जुळ्या भावंडांसारखे. यांचा पहिला शब्द ओठ मुडपून, दुसरा आ वासून. मी मुद्दाम "टॉक-टिक" म्हटलं, तर विजीने कपाळावर हात मारला, हुबेहूब बापासारखा. दुसरीपर्यंतच शिकले मी, पण कान आहेत की! थोरल्या सुनेला, गोदाला, म्हटलं, पहिला नवरा गं, दुसरी बायको. ती म्हणते कशी, "मग मामंजी टिक आणि तुम्ही टॉक, आत्याबाई." विजीला दूध पिता पिता ठसका लागला. पाठ चोळली तिची. चोळू दिली.

पण हाक नाही.

१२ मे
दहीभात चिवडत होती. मी गोदाला म्हटलं, नाक बापाचं, खाणं चिमणीचं, ऐट राणीची! बिचारीला काय कळतंय. जरा वेळाने बघते तर ताट चाटूनपुसून स्वच्छ.

रात्री काही सुचेना. परवा जाणार.

१४ मे
घोड्याचा जटका दारात आला. शिवकामीबाई सामान चढवत होत्या. मी तमिळमध्येच म्हटलं, जपून जा कण्णू. विजी पायरीवर थांबली. स्वच्छ मराठीत म्हणाली, "आजी, बाबा घरी माझ्याशी असं मराठीच बोलतात. तू गोदाकाकूशी बोलतेस, घरात सगळ्यांशी बोलतेस. माझ्याशीच का नाही बोललीस?"

जटका तासभर खोळंबला.