चुकीच्या ट्राममध्ये मागे बसलेला माणूस

बुडापेस्ट, १२ सप्टेंबर

अक्कास सारिकाचा नमस्कार. 'प्रिय' लिहायला आज हात वळला नाही.

मी खुशाल आहे. वेळेवर जेवते, खोलीला आतून दोन कड्या आहेत, एवढं आईला सांग. तिची कंबर कशी आहे?

परवा मी चुकीच्या ट्राममध्ये बसून पार नदीपलीकडे गेले आणि कोणालाही न विचारता परत आले. किती ऐटीत तुला फोन केला होता! काल कळलं, त्याच ट्राममध्ये मागे यावलचे प्रेमराजभाऊ बसले होते. ते इथे नोकरीला असतात. काल सकाळी शेवभाजीचा डबा घेऊन हॉटेलच्या दारात उभे. म्हणाले, "आबानी सांगेल शे, पोर एकली शे, ध्यान ठेवजो."

चार दिवस ते माझ्या मागे फिरत होते. त्यांच्यावर माझा राग नाही.

आबांना आपण ऑफिसची सहल सांगितली होती. मी एकटी आहे हे फक्त तुला माहीत होतं. मी कुठे आहे तेही फोनवर फक्त तुलाच दिसत होतं.

पिंप्राळ्यात तू मला चोरून स्कूटर शिकवलीस. माझा गुडघा फुटला तेव्हा "जिन्यावरून पडली" असं आबांना सांगणारी तूच ना?

फोन बंद ठेवलाय, म्हणून हे पत्र हॉटेलच्या कॉम्प्युटरवरून ईमेलने. उद्या मी दुसऱ्या गावी निघतेय. पोचले की आईला फोन करीन.

तो तू उचलू नकोस.

सारिका