चौथीच्या मुलांना क्लॅरोनेटचे बालिश पुस्तक मिळण्याबाबत

प्रति,
मा. निवड अधिकारी,
बालवाद्यवृंद योजना कक्ष, जि. गोंदिया.

विषय : क्लॅरोनेट शिकणाऱ्या मुलांना त्यांच्या वयाचे पुस्तक मिळणेबाबत.
संदर्भ : आपला शेरा, "पुस्तक बालिश वाटते, सबब नामंजूर."

महोदय,

सविनय सादर करते की, मी दवनीवाड्याजवळच्या शाळेत चौथीला शिकवते व मुलांचा बँड बघते. योजनेतून क्लॅरोनेट मिळाली, त्याबद्दल गाव आपले आभारी आहे. शिकवण्यासाठी मी एक पातळ पुस्तक सुचविले होते. त्यात पानाला एकच नवा सूर, बोटे कुठे ठेवायची याचे मोठे चित्र आणि सुरुवातीचे धडे फक्त डाव्या हाताचे. आपल्या समितीने ते बालिश ठरविले. नऊ वर्षांच्या मुलांसाठी असल्याने तो दोष त्यात आहे, हे मला मान्य आहे.

त्याऐवजी शासनाच्या प्रतिष्ठेला शोभेल असा जाडजूड ग्रंथ आला. त्याच्या पहिल्याच पानाला दोन्ही हातांची सगळी बोटे लागतात. मुलांची बोटे खालच्या भोकांपर्यंत पुरत नाहीत आणि भोक जरा उघडे राहिले की वाद्य किंचाळते. माझे वडील टिकाराम यांनी लग्नाच्या बँडमध्ये आयुष्यभर क्लॅरोनेट वाजविले. त्यांनी ते पान वाजवून पाहिले, वाद्य पेटीत ठेवले आणि धान बघायला शेतातल्या बांधीत निघून गेले.

बोटे पुरत नसल्याचे कळविले असता, बोटे लांब होण्यासाठी शाळास्तरावर कोणती उपाययोजना केली, याचा अहवाल आपण मागविला. तो निरंक आहे. सव्वीस जानेवारीला मुलांनी पहिले पान न वाजविल्यास वाद्ये परत नेण्यात येतील, असेही आपण कळविले. तेव्हापासून साक्षी मेश्राम ही विद्यार्थिनी मधल्या सुट्टीत डबा न खाता बोटे ताणत बसते. ती मला म्हणाली, "बाई, हे पुस्तक मोठ्यायचं आहे, त आमाले कायले देलं?" उत्तर माझ्या अधिकारात नसल्याने प्रश्न पुढे पाठवीत आहे. मला याचा फार राग आला आहे, त्याचीही नोंद घ्यावी.

तरी बालिश पुस्तक मंजूर करावे. ते शक्य नसल्यास सव्वीस जानेवारीला आपण स्वतः येऊन पहिले पान मुलांना वाजवून दाखवावे. आपली बोटे पुरतील.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
अल्का रामटेके
सहायक शिक्षिका
दि. ५ जानेवारी २०२६

सोबत :
१) नामंजूर पुस्तक.
२) बोटांचा अहवाल (निरंक).
३) क्लॅरोनेट, एक. आपल्या सरावासाठी साक्षीने पुसून, फुंकण्याची नवी पत्ती लावून दिले आहे. ते परत येईल ना, असे तिने विचारले आहे.