मनूचं नऊ किलोचं पांघरूण

६ ऑक्टो., सोम., अमरावती
सुमनला जाऊन आज चार महिने. अकोल्याहून मुलीचा, वैशूचा फोन. "बाबा, यंदा आपल्या घरी दिवाळी नाही, त इकडंच या. आन् मनूसाठी काही आणू नका. कबूल करा." केलं कबूल.

कारण तिचंही बरोबर. मनू सात वर्षांची, ऑटिझम आहे. गेल्या दिवाळीत पहिल्यांदाच मी स्वतः निवडून तिला टाळ्या वाजवणारं माकड दिलं. दोन तास पलंगाखाली होती. तेव्हापासून मी दिसलो की कान झाकते. कापूस खरेदी केंद्रावर एकतीस वर्षं ग्रेडर होतो, धाग्याची लांबी पाहून कापसाची प्रत ठरवायचो, माझ्याइतकं कमी बोलणारा तिथं कोणी नव्हता. आणि माझी नात मला पाहून कान झाकते.

एरवी भेट तिची आजी, सु. निवडायची. एकदाही चुकली नाही. कशी निवडते, विचारायचं राहिलं.

काहीतरी नेणार.

९ ऑक्टो.
खेळण्यांची दोन दुकानं. मनूला न चालणाऱ्या गोष्टी कागदावर लिहून नेल्या: शिट्टी, फुगा, मखमल, कॉलरमागचं लेबल, डिंकाचा वास. प्रत्येक वस्तू कानाला लावली, हुंगली, गालावर घासली. दुकानदार म्हणाला, "काकाजी, लेकराले घेता का सोताले?"

ससा बरा वाटला. डोळे मिटून गालाला लावून पाहत होतो, तेवढ्यात शेजारच्या काळेवहिनी. संध्याकाळी चिवड्याचा डबा घेऊन आल्या, बराच वेळ बसल्या. "भाऊजी, लय एकटं वाटते काय?" नाही म्हणालो.

ससा नापास. ओढला की धागा हातात.

१२ ऑक्टो., रवि.
थेरपीवाल्या मॅडमचा नंबर फक्त सु.च्या मोबाइलमध्ये. त्यावरूनच लावला. पलीकडून, "बोला आजी." मी आजोबा, म्हणालो.

मॅडम चांगल्या आहेत. म्हणाल्या, वजनदार पांघरूण पाहा. अंगावर सारखा दाब राहिला की काही मुलांना बरं वाटतं. पण दोन किलोच्या वर नको, आणि तिची मर्जी असेल तरच.

१३ ऑक्टो.
गादीवाले रशीदभाई. सांगितलं: चौकटी शिवा, आत सरकी, वरून कापसाचा थर. सरकी म्हणजे शेवटी कपाशीचं बी, आयुष्य तिच्यातच गेलं. दोन किलो. दोनदा सांगितलं. माझ्या मानानं पुष्कळ झालं.

१८ ऑक्टो.
पांघरूण मिळालं. नऊ किलो.

"साहेब, नातीले देता आन् दोन किलो? तेवढ्यात त उशी बी नाही भरत. वहिनीसाहेब असत्या त मले बोलल्या असत्या. वरचे सात माह्याकडून." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.  रिक्षात घालून आणलं.

रात्री जेवायच्या आधी सात किलो कमी करायला बसलो. रशीदभाईंचा टाका. ब्लेड मोडलं. एक कोपरा कसाबसा सैल झाला. सोडून दिलं.

२१ ऑक्टो., अकोला
गाडीत समोरचा म्हणाला, "काकाजी, यात काय भरलं?"
"पांघरूण."
"कोन्या म्हशीले?"

मनूनं दार उघडलं, मला पाहिलं, कान झाकले, आत गेली. नेहमीप्रमाणे.

वैशू: "कबूल केलं होतं ना बाबा?" मग उचलून पाहिलं. "हे पोरीवर टाकलं त पोरगी सापडन काय?"

मनूवर घालायचं नाही असं ठरलं. जावई गंमत म्हणून आत शिरले. लक्ष्मीपूजनाला हलवून उठवावं लागलं. म्हणतात, लग्नानंतर पहिल्यांदा अशी झोप लागली.

भेट गेली जावयाला.

२३ ऑक्टो., भाऊबीज
दुपारी सगळे वैशूच्या नणंदेकडे. मनू आली नाही, मी थांबलो. ती एका खोलीत, मी दारात. पांघरूण मधे.

ती सैल कोपऱ्याशी बसली. एक हात कानावर, दुसरा कान खांद्याला टेकवलेला. मोकळ्या हातानं कापूस उपसत होती. वैशू म्हणते उश्यांचंही असंच करते, वाईट खोड आहे.

मीही एक पुंजका घेतला. तिच्याकडे पाहिलं नाही. केंद्रावर करायचो तसं केलं. दोन चिमटीत धरायचा, ओढायचा, धाग्यावर धागा ठेवायचा, पुन्हा ओढायचा. तुटके गळून जातात, सरळ धागे राहतात. हात विसरले नाहीत.

बऱ्याच वेळानं पाहिलं तर तीही ओढत होती. दोन्ही हातांनी. एका हातानं ते होतच नाही.

तिची जुडी पाहून सवयीनं तोंडातून गेलं, "एकोणतीस."

लगेच कान झाकले. उठून गेली. स्वतःला काय काय म्हणालो ते लिहीत नाही.

परत आली ती कंपासमधली पट्टी घेऊन. जुडी पट्टीवर ठेवली. मिलिमीटर मोजले.

"सत्तावीस."

वर्षभरात माझ्याशी बोललेला पहिला शब्द. एकतीस वर्षांत भांडायला आलेल्या शेतकऱ्यांनाही माझ्याकडून दोन मिलिमीटर सुटले नव्हते. चष्मा लावून पाहिलं. सत्तावीसच.

सु.ला सांगायला हवं होतं.

२६ ऑक्टो., रवि., अमरावती
वैशूचा फोन. "बाबा, तीन उश्या फोडल्या. ह्यांच्या गादीले हात घातला. घरभर कापूस उडून राहिला. काय शिकवून गेले तुमी तिले?"  मागून मनूचा आवाज, कोणाला तरी, "चोवीस. खराब." मग वैशू जरा थांबून, "कधी येता?"

चांदूर रेल्वेच्या चुलतभावाकडून पहिल्या वेच्याचा, लांब धाग्याचा कापूस आणला. दोन किलो, स्वतः तोलून. जुन्या धुतलेल्या पिशवीत भरला, लेबल नाही.

मंगळवारची गाडी. दारात कान झाकेल की नाही, सांगता येत नाही. मी आकडा बोलायचा नाही, एवढं ठरवलंय. माझी पट्टी घेतली आहे.