खाली राहिलेले नऊ

आप्पा, परवाच्या रविवारी डोंगरावर कोणी जायचं हे यंदा मला ठरवायचं आहे. आताचे पाळकसाहेब पाच गावं सांभाळतात. पाथर्डीहून जीपने येतात, नवाच्या आत पोचत नाहीत. मंगळवारी त्यांचा फोन आला. म्हणाले, "बाई, पंचांत तुम्ही सगळ्यांत जुन्या, त्यात साहेबांची मुलगी. तीन नावं तुम्हीच काढा." मी बरं म्हटलं. मोबाईल खाली ठेवला आणि लगेच कागद शोधायला लागले, वयाच्या बासष्टाव्या वर्षी. कागद समोर आहे. दोन नावं त्याच दिवशी लिहिली. तिसऱ्या ओळीपाशी तीन दिवस थांबले आहे. तिथं काही सुचत नाही म्हणून हे दुसऱ्या कागदावर तुम्हाला लिहिते आहे.

तुमची पद्धत लोकांनी मोडली नाही. उपवासकाळाच्या आधीचा रविवार, प्रभूच्या रूपांतराचा. शनिवारच्या संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर तुम्ही कोटाच्या खिशातून चिठ्ठी काढायचात, तीन नावं वाचायचात आणि चिठ्ठी परत खिशात ठेवायचात. हेच तिघं का, ते कधी सांगितलं नाही. पहाटे ते चर्चच्या पायरीपाशी जमायचे, तुम्ही कंदील घेऊन पुढे. गावामागचा तो उघडा, कुसळांचा डोंगर, तासाभराची चढण. खाली चूल आमच्याकडे. आधी आई आणि मी, आई गेल्यावर मी एकटी. चुलीवर मोठं पातेलं, त्यात पाणी, गवती चहा, साखर. दूध शेजारच्या वस्तीवरच्या पाटलीणबाई पाठवायच्या. त्या आपल्या धर्माच्या नव्हत्या, पण या दिवशी सांगावं लागायचं नाही. "तुमच्या देवाच्या डोंगराचं दूध हाय," म्हणायच्या. म्हशीची धार निघाली, उन्हं चर्चच्या पत्र्यावर आली, की चरवी यायची. साधारण त्याच वेळी तुम्ही चौघं उतरताना दिसायचात. मग चहा, मग उपासना, मग तुमचा उपदेश. मी चूल सारवून मागच्या बाकावर येऊन बसायची तोवर अर्धा उपदेश झालेला असायचा.

फेब्रुवारीत आपलं अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं. एका वर्षी तर चर्चमध्ये तुम्ही सोडून आम्ही बाराच जण होतो. मला वाटलं, बारांतून तीन, आता माझा नंबर लागणारच. तुम्ही वाचलेल्या नावांत एक आंधळा म्हातारा होता. मी घरी येऊन म्हटलं, त्याला वर काय दिसणार आहे? तुम्ही बुटाची नाडी सोडत होता. म्हणालात, "त्याला वाटेतले दगड तेवढे सांगावे लागतात. बाकी काही सांगावं लागत नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी उभी राहून खाली राहिलेल्यांना मोजलं. नऊ भरले. शुभवर्तमानात भरतात तेवढेच. तोवर मला ते नऊ कधी दिसले नव्हते. पेत्र, याकोब, योहान वर जातात, प्रभूचा चेहरा सूर्यासारखा होतो, मोशे आणि एलिया त्याच्याशी बोलतात, ढगातून आवाज येतो. बाकीचे नऊ या सगळ्या वेळात कुठे आहेत हे कुणी विचारत नाही. पायथ्याशी एक बाप आजारी पोराला घेऊन आलेला असतो आणि नऊ जणांना ते पोर बरं करता येत नाही, एवढाच त्यांचा उल्लेख. तिघांना उजेड आणि नऊ जणांना फजिती.

आणि ती होती. तिचे आईबाप दिवाळी झाली की कोयते बांधून निघायचे आणि तिला आपल्याकडे ठेवून जायचे. माझ्याच वयाची. आम्ही एका वाकळीत निजायचो. तुम्ही तिला बाराखडीपासून शिकवलंत, माझ्याच पाटीवर. पहिल्या वर्षी तुम्ही तिचं नाव वाचलंत तेव्हा आम्ही अकरा वर्षांच्या होतो. ती उतरून आली ती तुमचा तपकिरी मफलर गुंडाळून. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. उजेड वगैरे काही नव्हता. नाक वाहत होतं, ओठ फुटले होते. पण तिने चहाचा कप घेतला तो दोन्ही हातांनी, आणि प्यायची विसरून तशीच उभी राहिली. मला तो कप हिसकावून घ्यावासा वाटला. वाकळीत मी तिला चिमटा काढला आणि विचारलं, वर काय झालं? म्हणाली, "चिमटं काढ न्हाईतर चाव. सायबांनी खाली सांगायचं न्हाई म्हनलंय." प्रभूने तिघांना घातलेली अट तुम्ही तुमच्या तिघांना घालत होता. मेलेल्यांतून उठेपर्यंत बोलायचं नाही. मफलर तुम्ही परत मागितला नाहीत. मी दोनदा आठवण केली होती.

चौदाव्या वर्षी मी विचारलं. तुम्ही अंगणात सायकल उलटी करून पंक्चर काढत होता. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबली होती आणि बुडबुडा शोधत होता. मी म्हटलं, मला का नाही? तुम्ही वर न बघता म्हणालात, "तू घरातली आहेस." मी म्हटलं, तीही घरात राहते. तुम्ही म्हणालात, "राहते. तिला अजून तसं वाटत नाही." मग बुडबुडा सापडला आणि तुम्ही त्यावर बोट ठेवलंत. मी तिथेच उभी आहे. तुम्ही मला कानस आणायला सांगता, मी आणून देते. घरातलं असणं ही शिक्षा असू शकते हे मला त्या दिवशी कळलं. तुम्ही तिला एकूण चार वेळा नेलंत. एकदा लागोपाठ दोन वर्षं. कुणाकुणाला कधी नेलंत ते मला आजही पाठ आहे. एका वर्षी दोघंच वर गेले होते, कारण तिसऱ्याला पहाटे ताप भरला, तेही.

उपदेश तुम्ही दरवर्षी जवळपास तोच करायचात. डोंगरावर येशूला नवीन काही मिळालं नाही, म्हणायचात; तो जो होता तो त्या तिघांना एकदा दिसला. पुढे क्रूस होता, म्हणून आधी उजेड दाखवला, अंधारात त्याची आठवण पुरावी म्हणून. आपल्यालाही एक दिवस त्याच्यासारखं केलं जाणार आहे, ही ढेकळं तुडवणारी शरीरंही. पेत्राला तिथं तीन मंडप बांधून राहायचं होतं. त्याला राहायला मिळालं नाही, ऐकायला सांगितलं गेलं. ढग गेल्यावर येशू एकटाच उरला होता, आणि तो खाली निघाला. "खाली" म्हणताना तुम्ही हात दाराकडे करायचात. मी दाराशीच बसलेली असायची. मागच्या बाकावर मी मनातल्या मनात तुम्हाला उत्तर द्यायची. ज्यांना आठवण पुरावी म्हणून उजेड दाखवला तेच तिघं येशूला धरलं त्या रात्री बागेत झोपले. मंडप बांधणाराच कोंबडा आरवायच्या आत तीनदा म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. मग नेऊन उपयोग काय झाला? या विचाराने मला फार बरं वाटायचं. नऊ जणही त्या रात्री पळालेच होते, हे मी सोयीने सोडून द्यायची.

तुम्ही गेलात त्या दिवशी नगरच्या दवाखान्यात ती नर्स होती. तिची पाळी संपली होती तरी ती थांबली. मी औषध आणायला खाली गेले होते. वर आले तेव्हा तिने तुमचे डोळे मिटले होते. मी विचारलं, काही बोलले? "न्हाई. बगितलं नुसतं." कुणाकडे? ती चादर नीट करत राहिली. ती पाचवी वेळ, आप्पा. महिन्याभराने मी त्या आंधळ्या म्हाताऱ्याकडे गेले. म्हटलं, साहेब गेले, आता सांगायला हरकत नाही. तो उन्हात बसला होता. म्हणाला, "गेले ते ठावं हाय. उठल्यावर सांगा म्हनले हुते. उठले का?" मी म्हटलं, नाही. "मंग बस. चा घेती का?" त्यानंतर वर जाऊन आलेल्या प्रत्येकाला मी कधी ना कधी विचारलं. एकानेही सांगितलं नाही. तुमच्या मंडळीत भांडणं पुष्कळ झाली, बांधावरून झाली, पंचकीवरून झाली, पण ही गोष्ट कुणी फोडली नाही.

मी शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं. वर्गात, शिक्षकांच्या खोलीत, महिला मंडळात, विषय निघाला की मी एक वाक्य सांगत आले. माझ्या वडिलांनी सगळ्या गावाला डोंगरावर नेलं, मला नेलं नाही. लोक हळहळतात. काही जण म्हणतात, पाळकांच्या मुलांचं असंच होतं. मला ते ऐकायला आवडतं.

काल दुपारी ती आली. आता गावातच असते, गुडघे माझ्यापेक्षा वाईट. मफलर गळ्यात होता. ऊन मी म्हणत होतं, तरी. रंग ओळखू येत नाही इतका विटलाय. टेबलावरचा कागद तिने वाचला आणि म्हणाली, "दोनच?"

"तिसरं सुचत नाही."

"न्हाई सुचत का लिवत न्हाई?"

मी म्हटलं, मी गेले तर चहा कोण करील?

"मी करीन की. इतकी वरसं तुझा पिला, एकदा माझा पी. लई गोड करते मी, आदीच सांगते."

मी म्हटलं, आप्पांनी नेलं नाही, आता स्वतःचं नाव स्वतः लिहून जाऊ? तिने कागद परत टेबलावर ठेवला. मग मफलरची गाठ सोडून परत बांधत म्हणाली, "सतरा वरसाची हुतीस तू. त्या तिसऱ्याला ताप आलता. मी दारात हुते, कंदील धरून. सायब चुलीपाशी आले आन् तुला चल म्हनले. तू म्हनलीस, दूध उतू जाईल."

मी तो कागद उलटा करून ठेवला.

"सायबांनी दोनदा इचारलं. मंग आमी दोगंच गेलो. ते मी कुनाला सांगितलं न्हाई. वरचं बी न्हाई, खालचं बी न्हाई." आणि ती चपला शोधायला लागली.

म्हणजे पंचेचाळीस वर्षं मी ते वाक्य सांगत होते आणि ती ऐकत होती. महिला मंडळात ती माझ्या शेजारी बसते. मला तिचा हेवा वाटायचा तो तिने डोंगरावर पाहिलेल्या गोष्टीचा. कालपासून दुसऱ्याच गोष्टीचा वाटतो. तिला गप्प राहता आलं. तुम्ही तिला वर काय दाखवलंत ते मला माहीत नाही, पण ते तिच्या उपयोगी पडलं, आणि ते चुलीपाशी घडलेल्या माझ्या गोष्टीवर पांघरूण घालायला उपयोगी पडलं. कालपासून मी शुभवर्तमानातलं ते प्रकरण तीनदा वाचलं. तुमच्या उपदेशात न आलेली एक गोष्ट दिसली. वर तीनच गेले. त्यानंतर ज्यांनी ज्यांनी विश्वास ठेवला ते सगळे खालचेच. तुम्हीसुद्धा, आप्पा. तुम्हीही तिघांच्या सांगण्यावरच कंदील घेऊन निघत होता. मला वाटायचं उजेड तुमच्याकडे आहे आणि तुम्ही तो वाटताना मला वगळता. तुमच्याकडे फक्त कंदील होता. हे कळल्याने हेवा गेला असं मी म्हणणार नाही. तो आहे. तिचा मफलर बघितला की अजून परत मागावासा वाटतो.

तिसऱ्या ओळीवर मघाशी माझं नाव लिहिलं. अक्षर बरं आलं नाही. कागद संध्याकाळी तिच्याकडे देईन, उद्या प्रार्थनेनंतर तीच वाचेल. वर काही दिसेल असं मला वाटत नाही. कुसळं दिसतील, चर्चचा पत्रा दिसेल, आणि चुलीचा धूर, जो मी आजवर फक्त खालून पाहिला. हे पत्र चुलीत घालायचं की पवित्र शास्त्राच्या पानांत ठेवायचं ते अजून ठरलेलं नाही. पाठवायला पत्ता नाही आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट तिलाही माहीत नाही. तिला ती दारातून दिसली नसणार. तुम्ही चुलीपाशी वाकून उभे होता, तिच्या कंदिलाचा उजेड पातेल्यात पडला होता, तुम्हाला दिसली असेल. बदली म्हणून मला जायचं नव्हतं. तुम्ही आदल्या दिवशी माझं नाव वाचायला हवं होतं. आणि दूध तर तोवर आलंच नव्हतं, आप्पा. पातेल्यात नुसतं पाणी होतं.